दम न घेणारी सनई

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. लोकांच्या लग्नात वाजवणारं आमचं घर. पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांत आमचे लोक मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून वाजवत आले, आणि त्या घरातली मी बीडला राहून कॉम्प्युटर सायन्स शिकले, एमएस्सी झाले. आज गेवराईच्या एका कॉलेजात तोच विषय शिकवते. मला दोन्हीचा अभिमान आहे, पदवीचाही आणि सतरंजीचाही. एकाचा मिरवावा आणि दुसऱ्याचा लपवावा, हे मला कधी जमलं नाही.

सनई दोघांची असते, हे आधी सांगितलं पाहिजे. एक वाजवतो, दुसरा सूर धरून बसतो. पहिल्याचा दम संपत आला की दुसरा तिथूनच उचलतो आणि आपल्या मनानं चार पावलं पुढं नेतो, मग पहिला परत घेतो. हे कुठं लिहिलेलं नसतं आणि आधी ठरलेलंही नसतं. आमच्याकडं पहिली सनई माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दुसरी त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे तात्यांची. दोघं तीस-पस्तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसले. दम संपला की दादा फक्त उजवीकडं बघायचे. तेवढं पुरायचं.

मग तात्यांचे दात पडले.

पुढचे दात नसले की सनईची पत्ती ओठात ठरत नाही. तात्यांनी कवळी बसवून घेतली. उमापूरच्या एका लग्नात नवरी मांडवात येत असताना त्यांनी गाल फुगवून जोर लावला आणि कवळी सनईसकट बाहेर आली. लोक हसले. तात्याही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी सनई फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवली, कवळी एका स्टीलच्या डबीत ठेवली, आणि दोन्हीला परत हात लावला नाही.

दादांनी त्याच्यानंतर सुपाऱ्या घेणं बंद केलं. "एकट्याची सनई म्हंजे येड्याची बडबड," ते म्हणायचे. "इचारायला कुणी न्हाई अन् उत्तर द्यायला कुणी न्हाई."

दोन वर्षं असंच गेलं. मग तात्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं.

आमच्यात घरच्या लेकीच्या लग्नात घरचीच सनई वाजते, हळदीपासून पाठवणीपर्यंत. माझ्या लग्नात दोघांनी वाजवलं. माझ्या चुलत बहिणींच्या लग्नात वाजवलं. आता शेवटची राहिली, आणि नवऱ्याकडचे म्हणत होते, सनई नसेल तर आमचा डीजे आहेच की. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुझ्या टायमाला दोघं वाजवत व्हते. माझ्या टायमाला डीजे कावून?"

मी दादांकडं गेले. दादा म्हणाले, "तात्याला दात आण, वाजवतो."

दात मी आणू शकत नव्हते. मला येतं ते एकच. मी ठरवलं, तात्यांसारखं ऐकणारं आणि उत्तर देणारं काहीतरी कॉम्प्युटरवर बनवायचं. नुसतं मागं वाजणारं रेकॉर्ड नको, ते तर मोबाईलवरही वाजतं. दादा काय वाजवतायत ते ऐकून, तिथल्या तिथं, स्वतःच्या मनानं उत्तर देणारं. लग्नाला तीन महिने होते.

पहिलं काम तात्यांची सनई गोळा करण्याचं. ती होती लोकांच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. म्हणून मी ज्या ज्या घरी हे दोघं वाजवायला गेले होते त्या त्या घरी गेले. उमापूरला गेले, गेवराईतल्या सात-आठ घरी गेले, एका रविवारी थेट घाटनांदूरपर्यंत गेले. "तुमच्या लग्नाची सीडी द्या" म्हटलं की लोक आधी संशयानं बघत, मग कपाट उघडत, आणि सीडी तशी देत नसत. आधी पोहे, मग सगळं लग्न बसून बघायचं. ही माझी आत्या, हा वारला, ही तेव्हा किती बारीक होती बघ. कानाला लावलेला हेडफोन काढून मी सगळ्यांच्या आत्या बघितल्या. पण चाळीसेक लग्नं मिळाली, आणि त्यात तात्या होते, दातांसकट.

प्रोग्रॅमचे मी दोन भाग केले. पहिला, काय वाजवायचं. अमुक सुरावरून तात्या बहुतेक कुठं जातात, घाईत असले तर कुठं, निवांत असले तर कुठं, याची मोजदाद कॉम्प्युटरनं त्या लग्नांमधून केली. त्यातून तो तात्यांच्या वळणाचं पण नवीन काहीतरी जोडायचा, तात्यांच्याच सनईच्या आवाजात. दुसरा भाग, कधी वाजवायचं आणि कधी थांबायचं. हे मला नियम करून लिहिता येईना. म्हणून तो भाग मी प्रोग्रॅमवरच सोपवला. म्हटलं, तात्या सुरू होण्याआधी काय काय ऐकू येतं आणि थांबण्याआधी काय काय ऐकू येतं, ते तूच बघ आणि शीक. शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं.

वायर आणि स्पीकरचं काम गेवराईतल्या मिस्त्रींनी केलं. ते मोटारीपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करतात, आणि त्यांचे वडील उरुसात ताशा वाजवायचे म्हणून त्यांना आमच्या घराबद्दल माया. त्यांनी एका हेडफोनमधला बारीक माईक काढून सनईच्या पोटाला सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधून दिला. "दादांचा आवाज ह्या माईकनं जाईल," ते म्हणाले, "आन् बाकी दुनिया लॅपटॉपच्या कानानं ऐकंल. काही हरकत न्हाई, बेटा." हरकत होती, पण ती आम्हा दोघांनाही तेव्हा कळली नाही.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तात्या बाजेवर बसून शेंगा फोडत होते. लॅपटॉपमधून त्यांची सनई निघाली. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"कोण हाय ह्यो?"

"तुम्हीच आहात, तात्या."

"मी न्हाई. मी दम घेतो. ह्यो घेत न्हाई."

खरं होतं. माझ्या आग्रहाखातर दादांनी दोन ओळी वाजवून उजवीकडं बघितलं आणि प्रोग्रॅमनं उत्तर सुरू केलं, ते संपेचना. दीड मिनिटं अखंड. दादा सनई तोंडाशी धरून आपली पाळी येण्याची वाट बघत बसले. शेवटी सनई मांडीवर ठेवून म्हणाले, "ह्याच्यासंगं वाजवू लागलो तर मी लग्नाच्या आधीच मरन. मानूस असता तर चिमटा तरी काढला असता."

मग मी मशिनीला दम दिला. म्हणजे तात्यांना समोर बसवलं, हातात घड्याळ घेतलं आणि म्हटलं, फुंका, किती वेळ टिकतं ते बघू. सनई नको म्हणाले म्हणून नुसतं ओठ आवळून फुंकायला लावलं. नऊ सेकंद भरले.

"नऊ लिवू नको," तात्या म्हणाले.

"मग किती लिहू?"

"ईस लिव. तरणा व्हतो तवाचा दम लिव. ते रेकॉर्ड तवाचंच हाय ना?"

मी सोळा लिहिलं. आमच्यात तेवढ्यावर तडजोड झाली. आता प्रोग्रॅम सोळा सेकंदांच्या आत कुठंतरी जागा बघून थांबायचा, आणि लांब ओळ घेतली असेल तर पुढची ओळ आखूड घ्यायचा, दमलेल्या माणसासारखी.

तरी दादा मनापासून वाजवत नव्हते. माझ्यावर उपकार केल्यासारखं रोज सकाळी अर्धा तास बसायचे. एका सकाळी त्यांनी सारंगासारखं काहीतरी धरलं होतं. प्रोग्रॅमनं उत्तर दिलं आणि उतरताना निषाद केसभर खाली लावला. दादा थांबले. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"तात्या," त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली, "तुमचा निषाद ह्याला बी लागलाय."

आतून आवाज आला, "खोटं हाय. माझा निषाद पक्का व्हता."

"तीस साल ऐकलाय मी."

"मग तीस साल बोलला कावून न्हाईस?"

"तुमी थोरले."

त्या दिवशी दादांनी दीड तास वाजवलं. आईनं भाकरी थापता थापता मला खूण केली, की आता काही बोलू नकोस.

एक गोष्ट मात्र त्याच आठवड्यात झाली, ती मी लक्षात घ्यायला हवी होती. दादा आणि मशीन रंगात आले होते, आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून "हॅलो, हॅलो, नळाला पाणी सुटलेलं हाय" असं सुरू झालं. प्रोग्रॅम ओळीच्या मधेच गप्प झाला. भोंगा बंद झाला तसं त्यानं भलतीच एक जलद चाल घेतली, वरातीतल्यासारखी. दादा म्हणाले, "पाणी आलं म्हनून येवढा आनंद?" मी वहीत लिहून ठेवलं, 'भोंगा, बघणे.' आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या, त्यात ते बघणं राहून गेलं.

लग्न आमच्याच गावात, शाळेच्या मैदानावर. हळदीला सकाळी दोघांनी झकास वाजवलं. दोघांनी म्हणजे दादांनी आणि लॅपटॉपनं. लॅपटॉप लोखंडी टेबलावर, वर टॉवेल टाकलेला, अक्षता आत जाऊ नयेत म्हणून. बायका येऊन टॉवेल उचलून बघून जायच्या. एक म्हातारी म्हणाली, "तात्या कुठं लपून बसलाय का खाली?" नवरी हळदीनं माखलेल्या तोंडानं माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, जिंकलं.

मुहूर्त दुपारचा होता आणि तो टळून गेला होता. साहेब यायचे होते. आमच्या भागात साहेब आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. कुठले साहेब हे महत्त्वाचं नाही, प्रत्येक लग्नाला कुणीतरी साहेब असतात आणि ते प्रत्येक लग्नाला उशिरा येतात. तोवर माईकवर शाळेतले कुणीतरी सर असतात, ते आलेल्या सगळ्या मान्यवरांची नावं घेतात. वाजंत्र्यांनी काय करायचं हेही ठरलेलं. माईक कुंईं करून सुरू झाला की वाजवणं थांबवायचं, आणि माईक खाली ठेवला गेला, साहेब दारात दिसले, की जलद चाल घ्यायची. त्या चालीला सगळे 'एंट्री' म्हणतात.

हे मी लहानपणापासून बघत आले. आणि हेच मी गोळा केलेल्या चाळीस लग्नांमध्ये चाळीस वेळा होतं.

जनरेटर कुरकुरायला लागला म्हणून मिस्त्री बॅटरी आणायला गेले होते. दादांनी संथ काहीतरी धरलं होतं, मशीन उत्तर देत होतं. सरांनी माईक घेतला. कुंईं झालं. "हॅलो, हॅलो." मशीन शब्द तोडल्यासारखं थांबलं. दादा उजवीकडं बघत राहिले. "दोन मिनिटं शांतता ठेवा," सर म्हणाले आणि माईक खाली ठेवला. खट् असा आवाज झाला.

मशीननं एंट्री घेतली. तात्यांच्या भर तारुण्यातली, सोळा सेकंदांच्या दमाची, सगळ्या स्पीकरांमधून.

ती चाल कानावर पडली की आमच्याकडच्या माणसांचे गुडघे आपोआप सरळ होतात. पुढच्या तीन रांगा उठल्या. हलगीवाल्यानं विचार न करता ठेका दिला. दारातल्या पोरांनी वाट मोकळी केली, शाल-नारळ घेतलेले दोघं पुढं सरकले, आणि सरांनी हातातल्या कागदावरून नजर न उचलता सुरू केलं, "आपल्या सर्वांचे लाडके, गोरगरिबांचे कैवारी, ज्यांचं मंडपात आगमन झालेलं आहे असे..."

दारातून मिस्त्री आले. खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी, हात कोपरापर्यंत काळे.

सरांनी वर बघितलं. पण वाक्य अर्धं झालं होतं, आणि अर्धं वाक्य सोडायची त्यांना सवय नव्हती. "आपले मिस्त्री," ते म्हणाले, "यांचं वधूपित्याच्या वतीनं शाल-श्रीफळ देऊन स्वागत." शालवाल्यांनी शाल घातली. बॅटरीच्या बाजूनं बसेना म्हणून दुसऱ्या खांद्यावर घातली. नारळ मोकळ्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बेटा, हे सगळं ठीक हाय, पन बॅटरी कुठं ठेवू ते तरी सांगा कुनीतरी."

मग जो हशा उठला तो मंगल कार्यात मी कधी ऐकला नाही. नवरीनं तोंडावर शेला धरला. आणि त्या हशात एक गोष्ट झाली. स्वागत झालं, शाल गेली, नारळ गेला, म्हणजे साहेबांचं झालं, असं सगळ्यांच्या अंगातच ठरून गेलं. नवऱ्याच्या चुलत्यानं हात वर करून म्हटलं, "चला, उरका आता." भटजींनी अंतरपाट मागितला.

सगळे हसत होते, माझा मात्र जीव गेला होता. अक्षता पडताना सनई हवी. दादा हसून हसून हैराण, त्यांना पत्ती ओठात धरता येईना. आणि मशिनीचा भरवसा राहिला नव्हता. मंगलाष्टकं माईकवरच होणार. दर कडव्याला कुंईं, दर कडव्याला एंट्री.

"बंद कर ते," दादा डोळे पुसत म्हणाले.

"मग तुम्ही एकटे वाजवाल?"

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी सनई मांडीवर ठेवली. म्हणजे नाही.

मी टॉवेल उचलला. हात बंद करायच्या बटणावर होता. तेवढ्यात कुणीतरी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला सरकवलं. नवा फेटा, कडक धोतर. मुलीचा बाप अंतरपाटापाशी हवा होता, तो इथं आला होता.

"ह्याला गप्प कशानं करायचं?" तात्यांनी विचारलं.

मी सगळ्यात लांब बटण दाखवलं. खालचं, आडवं. तालमीसाठी मी ते करून ठेवलं होतं. दाबून धरलं की गप्प, सोडलं की बोलतं.

"दाबलं की गप्प, उचललं की बोलतं," तात्यांनी परत म्हटलं. "मग ही सनईच हाय की." आणि सतरंजीवर दादांच्या उजव्या बाजूला, आपल्या जागेवर, मांडी घालून बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला. बोट ठेवलं ते टोकानं नाही, भोक झाकतात तसं, मधल्या पेरानं.

माईक दर कडव्याला कुंईं झाला आणि दर कडव्याला तात्यांचं बोट जागचं हललं नाही. शेवटचं सावधान झालं, अक्षता उडाल्या, दादांनी सूर लावला, आणि तात्यांनी बोट उचललं.

कुणी वाजवलं, असं लोक अजून विचारतात. मी काय सांगू. ओळी मशीन जोडत होतं. पण कुठं यायचं, कुठं तोडायचं, दादांचा दम कुठल्या ठिकाणी संपतो, हे तात्यांना माहीत होतं, आणि ते मला चाळीस लग्नांमधून काढता आलं नव्हतं. तो निषाद आला तेव्हा दादांनी डोळा बारीक केला. तात्यांनी दुसरीकडं बघितलं.

जेवताना मिस्त्री माझ्या पंगतीला आले. शाल अजून खांद्यावरच होती. मी म्हटलं, "चाचा, माफ करा. घरी गेल्यावर पहिली ती चूक काढते."

"ती काढू नको, बेटा," ते वरणभात कालवत म्हणाले. "ईस साल लग्नात लाइट लावतो. पहिल्यांदा शाल मिळाली."

पाठवणीच्या वेळी ऊन उतरलं होतं. नवरी सगळ्यांच्या पाया पडत गाडीकडं निघाली. तात्यांनी एका हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर होतं. दादा वाजवत होते, आणि साठी उलटलेल्या माणसाचा दम दिवसभरानं उरतो तेवढाच उरला होता. एका ओळीच्या मधे तो संपला. दादांनी उजवीकडं बघितलं. बोट आधीच उचललेलं होतं.

"तात्या, तुमी वाजवलं ना?" नवरीनं विचारलं.

"एका बोटानं," तात्या म्हणाले.

आणि त्याच वेळी साहेब आले. खरे साहेब. सरांनी धावत जाऊन माईक उचलला, कुंईं झालं. तात्यांनी बोट दाबलं, इतकं की नख पांढरं पडलं. सर बोलले ते बोलले. सनई गप्प. साहेबांनी हात जोडले, इकडं तिकडं बघितलं, आणि पाण्याच्या टँकरशेजारी पाहुण्यांत उभे राहिले. नवरीला वाट दिली. चांगला माणूस असावा.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तात्यांना बोटाचं भानच नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसायला हात उचलला.

एवढा वेळ दाबून ठेवलेली एंट्री सुटली. रिकाम्या मांडवात, निम्म्या उतरवलेल्या स्पीकरांमधून, सोळा सेकंद. साहेब दचकले. मिस्त्री वायर गुंडाळत होते, ते शाल सावरून सरळ उभे राहिले. तात्या त्यांच्याकडं बघत हसायला लागले, तोंड उघडं टाकून, दातांशिवाय, आणि दादांनी सनई त्यांच्या पाठीवर हळूच टेकवली.